गाणी हलवली, टिपणांसकट

विंडोज 10 ला नेहमीचे सुरक्षा अपडेट मिळणं 14 ऑक्टोबर 2025 ला थांबलं, आणि माझ्या जुन्या डेस्कटॉपचा प्रोसेसर काही विंडोज 11 च्या यादीत बसेना. संगणक चालत होता, पण त्याची हार्ड डिस्क आता सुरू होताना कुरकुर करायला लागली होती. त्या डिस्कवर माझा सगळा संगीतसंग्रह. म्हणून नवा संगणक घ्यायचं ठरवलं.

एम. जी. रोडवरच्या दुकानदाराने नवा संगणक जोडून देताना आपणहून विचारलं, "ताई, जुन्यातला डेटा यात टाकून देऊ का? दोनेक तासांचं काम आहे." मी नको म्हटलं. वेळेचा त्याचा अंदाज बरोबर होता. सव्वादोनशे जीबी, जुन्या संगणकाचं यूएसबी 2.0, सेकंदाला साधारण तीस-पस्तीस एमबी. दोन तासांत फायली पलीकडे गेल्या असत्या. पण माझ्याकडच्या कितीतरी गाण्यांची माहिती फायलीत नव्हतीच. कोण गातंय, कुठला राग, तबल्याला कोण, हे सगळं फायलीच्या बाहेर, प्लेअरच्या स्वतःच्या नोंदवहीत साठलेलं होतं. नुसत्या फायली उचलल्या असत्या तर गाणी आली असती आणि त्यांची ओळख मागे राहिली असती. ज्यांच्याकडे जुन्या कॅसेटींचं डिजिटल रूप आहे त्या सगळ्यांना हे लागू आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी नाशिकला, गंगापूर रोडला गाण्याचे वर्ग घेते. संग्रहाचा गाभा माझ्या बाबांचा. बाबा नाशिकरोडच्या प्रेसमध्ये होते आणि पगारातला ठरलेला भाग कॅसेटींवर जायचा. विकतच्या कॅसेटी होत्याच, पण खरा ठेवा त्यांनी स्वतः टिपलेल्या मैफलींचा. यजमानांची आणि गाणाऱ्यांची परवानगी घेऊन ते पुढच्या रांगेत टेपरेकॉर्डर घेऊन बसायचे. कुणाच्या वाड्यात, कुणाच्या गच्चीवर, कधी एखाद्या देवळाच्या सभामंडपात. घरी आले की जेवायच्या आधी कॅसेटच्या आतलं कार्ड भरायचे. ही कार्डं मी कॅसेटींइतकीच जपलेली आहेत.

एका कार्डावर निळ्या शाईत आहे: "बाजू अ. पूरिया, विलंबित एकताल. द्रुत तीनताल, अपुरा. बाजू ब. द्रुत पुढे चालू. मग नाट्यपद. मध्यंतरानंतर तबला बदलला." आणि कोपऱ्यात पेन्सिलीने, बारीक अक्षरात: "बाजू ब, तिसरं मिनिट, लाइट गेली. माइक बंद, गाणं चालू." ती कॅसेट ऐकताना तिसऱ्या मिनिटाला आवाज एकदम दूर जातो. तंबोरे जवळ येतात, गायकाचा आवाज भिंतीवर आपटून येतो. बाबांचा टेपरेकॉर्डर सेलवर चालत होता म्हणून ते टिपलं गेलं. पेन्सिलीतली ती ओळ माहीत नसेल तर ऐकणारा म्हणेल, टेप खराब आहे, पुढे सरकवा. आणि माहीत असेल तर तो कान देऊन ऐकेल की माइक गेल्यावर गाणारा माणूस आवाज कसा फेकतो. विद्यार्थ्यांना मी तो तुकडा मुद्दाम ऐकवते. या मैफलीची फाइल म्हणजे "ट्रॅक 07" नावाची एक वेव्ह फाइल. बाकी सगळं कार्डावर, आणि कार्डावरून मी आयट्यून्स या माझ्या प्लेअरमध्ये टाइप केलेलं.

भाचा सुट्टीत आला होता, त्याने पहिल्यांदा हेच विचारलं. "मावशी, फायली कुठे आहेत ते मला दिसतंय. तुझी टिपणं कुठे आहेत?" मी आयट्यून्सची खिडकी दाखवली. त्याने तीच पूरियाची फाइल दुसऱ्या एका प्लेअरमध्ये उघडली. तिथे फक्त फाइलचं नाव दिसलं. राग नाही, गायक नाही, लाइट गेल्याचं टिपण नाही.

त्याचं कारण असं. एमपीथ्री, एमफोरए किंवा फ्लॅक फाइलमध्ये आवाजासोबत टॅग म्हणून मजकूर ठेवायची सोय असते. प्लेअरमध्ये शीर्षक बदललं की ते फाइलच्या आत लिहिलं जातं. वेव्ह फाइलच्या बाबतीत आयट्यून्स तसं करत नाही. तुम्ही टाइप केलेलं सगळं त्याच्या लायब्ररीच्या एका फाइलमध्ये राहतं आणि मूळ गाण्याला हात लागत नाही. आपल्या सावानात, म्हणजे 1840 साली स्थापन झालेल्या सार्वजनिक वाचनालयात, पुस्तकांची कपाटं हलवली आणि सूचीची कार्डं जुन्या खणात ठेवून आलात तर जे होईल तेच इथे होतं. कॅसेटी मी ऑडॅसिटी या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमधून वेव्हमध्येच उतरवल्या होत्या, कारण तेव्हा दर्जा शंभर टक्के टिकवायचा होता. म्हणजे सगळ्यात मोलाच्या फायलींचीच माहिती सगळ्यात कच्च्या जागी होती. गाण्याला दिलेल्या चांदण्या, किती वेळा ऐकलं, संग्रहात कधी आलं, या नोंदी तर कुठल्याही प्रकारच्या फाइलसाठी आयट्यून्स आपल्या लायब्ररीतच ठेवतं.

तर काम दोन भागांत होतं: आधी माहिती फायलीत घालायची, मग फायली हलवायच्या. पण त्याही आधी जे आहे ते जसंच्या तसं एका बाहेरच्या डिस्कवर उतरवून ठेवलं. टॅग बदलताना काही बिघडलं तर परत यायला जागा हवी. भाच्याने नेहमीचं कॉपी-पेस्ट वापरलं नाही. विंडोजमध्येच रोबोकॉपी नावाची आज्ञा असते, ती वापरली. ती फायलींच्या तारखा राखते, नोंद लिहीत जाते आणि मधेच तुटलं तर पुन्हा चालवल्यावर उरलेलंच उचलते. फक्त एक गोष्ट तिला आधी सांगावी लागते. एखादी फाइल वाचता आली नाही तर रोबोकॉपी मुळात दहा लाख वेळा प्रयत्न करायला बसते, दर वेळी तीस सेकंद थांबून. जुन्या डिस्कवर हे चालणार नाही, म्हणून त्याने प्रयत्न दोनवर आणि थांबणं पाच सेकंदांवर आणलं.

आणि खरंच काही फायली वाचता आल्या नाहीत. "सायक्लिक रिडंडन्सी चेक" अशी चूक दाखवून डिस्क तिथे अडत होती, म्हणजे तेवढा भाग खराब झाला होता. रोबोकॉपीच्या नोंदीत त्या फायलींची नावं मिळाली. नेहमीच्या कॉपी-पेस्टमध्ये अशा वेळी लोक "स्किप" दाबतात आणि काय सुटलं ते कुठेच लिहिलेलं राहत नाही. माझ्याकडे मूळ कॅसेटी होत्या, म्हणून मेन रोडमागच्या गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याकडून डेकचा पट्टा बदलून घेतला आणि त्या बाजू पुन्हा उतरवल्या. कॅसेटी डिजिटल झाल्यावर मूळ टाकून द्यायचा सल्ला मला अनेकांनी दिला होता. तो मी मानला नाही आणि कुणी मानू नये असं माझं ठाम मत आहे.

दुसरी अडचण नावांच्या लांबीची. विंडोजच्या नेहमीच्या व्यवहारात फाइलचा पूर्ण पत्ता 260 अक्षरांच्या आत लागतो, आणि देवनागरीत प्रत्येक मात्रा, प्रत्येक अनुस्वार, जोडाक्षरातलं हलन्त हे सगळं वेगवेगळं मोजलं जातं. कागदावर छोटी दिसणारी मराठी नावं तिथे लांब ठरतात. गायकाचं नाव, मग मैफलीचं, मग रागाचं असे फोल्डरात फोल्डर झाले की मर्यादा कधी ओलांडली ते कळत नाही. रोबोकॉपी लांब पत्तेही उचलते, पण नव्या मांडणीत मी फोल्डरांची नावं आखूडच ठेवली. तपशील टॅगमध्ये.

आता वेव्हमधली माहिती आत कशी घालायची? कार्डं समोर ठेवून पुन्हा टाइप करायची माझी तयारी होती, पण गरज पडली नाही. आयट्यून्स एखाद्या गाण्याचं दुसऱ्या स्वरूपात रूपांतर करतं तेव्हा लायब्ररीतली माहिती नव्या फाइलच्या टॅगमध्ये उतरवतं. म्हणून इम्पोर्ट सेटिंग्जमध्ये ॲपल लॉसलेस निवडलं, सगळ्या वेव्ह फायली निवडल्या आणि कन्व्हर्टमधून लॉसलेस प्रती करायला लावल्या. या स्वरूपात आवाजाचा एक कणही गाळला जात नाही, त्यातून मूळ वेव्ह जशीच्या तशी परत काढता येते. शिवाय 2011 पासून ते मुक्तस्रोत आहे, त्यामुळे आयट्यून्सशिवायही वाजतं. पूरियाची नवी फाइल भाच्याने दुसऱ्या प्लेअरमध्ये उघडली आणि सगळं तिथे होतं. "लाइट गेली" सुद्धा. इतका आनंद मला नव्या संगणकाचाही झाला नव्हता.

जागाही वाचली. सीडीच्या दर्जाची वेव्ह मिनिटाला साधारण साडेदहा एमबी घेते, म्हणजे 90 मिनिटांची कॅसेट जवळपास एक जीबी. लॉसलेसमध्ये ती बरीच आटते. कॅसेटचं फुसफुसणं मात्र फारसं आटत नाही, कारण त्याला ठरलेली घडण नसते आणि पुढचा आकडा ओळखता येत नाही. त्यामुळे बाबांच्या मैफली विकतच्या सीडींइतक्या लहान झाल्या नाहीत. ती फुसफुस गाळायची सोय ऑडॅसिटीत आहे. मी ती वापरत नाही. तिच्याबरोबर तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा गुंजता झणकारही खरवडला जातो.

रूपांतराआधी दोन गोष्टी करून ठेवल्या होत्या, आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. एक म्हणजे कन्सॉलिडेट. माझी गाणी चार ठिकाणी पसरलेली होती आणि आयट्यून्स फक्त त्यांचा पत्ता धरून होतं. कन्सॉलिडेट केल्यावर सगळ्यांच्या प्रती एका फोल्डरात जमल्या. मूळ फायली जागच्या जागीच राहतात, तेव्हा डिस्कवर तेवढी मोकळी जागा लागते. जिथे पत्ता चुकलेला होता तिथे उद्गारचिन्ह दिसलं आणि त्या फायली शोधून जोडल्या.

दुसरी गोष्ट चांदण्यांची. पाच चांदण्या मी आवडीसाठी देत नाही. पाच म्हणजे सुरुवातीच्या विद्यार्थ्याला ऐकवायचं, चार म्हणजे दोन-तीन वर्षं झालेल्यांना. चांदण्या लायब्ररीतच राहणार हे कळल्यावर पाच चांदण्यांची सगळी गाणी एकत्र निवडून त्यांच्या ग्रुपिंग या रकान्यात "प्रारंभिक" लिहिलं, चारवाल्यांना "मध्यम". हा रकाना टॅगमध्ये जातो, त्यामुळे कुठल्याही प्लेअरमध्ये सापडतो.

यानंतरचं काम वेळखाऊ होतं, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं: नावं.

गायक द. वि. पलुस्कर घ्या. त्यांचा जन्म इथलाच, नाशिकचा, 28 मे 1921 चा. वडील विष्णु दिगंबर पलुस्कर, ज्यांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि पुढे पंचवटीत रामनाम आधार आश्रम उभा केला. मुलगा दहा वर्षांचा असताना 1931 मध्ये वडील गेले आणि मुलगाही 1955 मध्ये, अवघ्या चौतिसाव्या वर्षी गेला. त्यांच्या ज्या ध्वनिमुद्रिका आहेत त्यांतल्या पुष्कळशा 78 च्या तबकड्यांवरच्या, एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं. त्या तीन मिनिटांत राग असा स्वच्छ मांडलेला असतो की नव्या मुलांना मी सुरुवात तिथूनच करून देते. आणि माझ्या संग्रहात हा माणूस कितीतरी वेगळ्या नावांनी विखुरलेला होता: द. वि. पलुस्कर, डी. व्ही. पलुस्कर रोमन लिपीत टिंबांसह, टिंबांशिवाय, पंडित लावून, दत्तात्रेय असं पूर्ण नाव. काही फायलींवर तर आद्याक्षरं उलटी, व्ही. डी. पलुस्कर, म्हणजे गाणं मुलाचं आणि नाव वडिलांचं! सीडीतून माहिती आपोआप उतरवताना कुणीतरी भरलेली ही नावं तशीच येतात. नाशिकच्या वर्गात नाशिकच्या गायकाचं नाव चुकीचं दिसावं हे मला सहन होणारं नाही. प्रत्येक फाइल ऐकून नाव एकसारखं केलं.

रागांचंही तसंच. भूप आणि भूपाळी, मालकंस आणि मालकौंस, बागेश्री आणि बागेश्वरी, यमन आणि इमन. आपण बोलताना दोन्ही म्हणतो, पण शोधताना संगणक एकच शोधतो. रोमनमध्ये तर एका भूपची स्पेलिंगं किती. वर्गात मुलीला भूप शिकवायला घेतला की पुढच्या आठवड्यात तिने पाच-सहा वेगवेगळ्या गायकांचा भूप ऐकावा अशी माझी पद्धत आहे. त्यासाठी एका शोधात सगळे भूप समोर यायला हवेत. म्हणून एम-पी-थ्री-टॅग हे सॉफ्टवेअर घेऊन रागासाठी वेगळा रकाना केला आणि त्यात आमच्याकडे बोलतात तेच एक नाव, देवनागरीत. शीर्षकात राग, लय आणि ताल. बंदिशीचे शब्द गीताच्या शब्दांसाठी असलेल्या रकान्यात. शेवटचं हे फार उपयोगी पडलं, कारण गाणं लावलं की शब्द पडद्यावर येतात आणि मुलं वहीत चुकीचं उतरवून घेत नाहीत. साथीदारांची नावं अभिप्रायाच्या रकान्यात गेली. तबलजी आणि पेटीवाले यांना जगातल्या संगीत-सॉफ्टवेअरांनी स्वतःची जागा दिलेली नाही. ती आपणच करून द्यायची.

सगळ्यात चिवट निघाल्या त्या वीसेक वर्षांपूर्वी ओळखीच्यांकडून मिळालेल्या एमपीथ्रीच्या सीडी, भजनं आणि नाट्यपदांच्या. त्यांची नावं मराठीत टाइप केलेली होती, पण युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीच्या आजच्या सामायिक पद्धतीच्या आधीच्या फॉन्टमध्ये. शिवाजी, कृतिदेव, श्रीलिपी अशा फॉन्टांत रोमन अक्षरांच्याच जागी देवनागरीचे आकार बसवलेले असत. तो फॉन्ट लावला तर मराठी दिसायचं, नाही लावला तर रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी. प्लेअरमध्ये टॅगला फॉन्ट लावता येत नाही, म्हणून इतकी वर्षं तिथे खिचडीच दिसत होती. भाच्याने सगळे टॅग एका मजकूर फाइलमध्ये बाहेर काढले, वेगवेगळे फॉन्ट लावून कुठल्यात मराठी उमटतं ते पाहिलं, त्या फॉन्टचा युनिकोड परिवर्तक चालवला आणि मजकूर पुन्हा टॅगमध्ये भरला. परिवर्तकावर डोळे मिटून विसंबून चालत नाही. रफार आणि पहिली वेलांटी हमखास सरकतात, "कीर्तन"चं "कीतर्न" होतं. हे वाचन मी स्वतः, ओळ न् ओळ केलं.

काही फायलींत फक्त जुन्या पद्धतीचा टॅग होता, फाइलच्या शेवटी 128 बाइटांचा. त्यात शीर्षकाला 30 बाइट, कलाकाराला 30, आणि देवनागरीची सोयच नाही. युनिकोडच्या नेहमीच्या यूटीएफ-8 मध्ये देवनागरीच्या एका खुणेला तीन बाइट लागतात, म्हणजे 30 बाइटांत दहा खुणा. "पंडित" लिहितानाच निम्म्या संपल्या. तिथे प्रश्नचिन्हंच होती, आणि प्रश्नचिन्हांतून मजकूर परत मिळत नाही. ती गाणी ऐकून नावं दिली. जे ओळखता आलं नाही तिथे "अनाम" लिहिलं. अंदाजाने कुणाचं नाव चिकटवण्यापेक्षा ते बरं.

प्लेलिस्टींचं काम भाच्याने झटकन उरकलं. आयट्यून्समधून त्या बाहेर काढताना एमथ्रीयू आणि एमथ्रीयू-8 असे दोन प्रकार दिसतात. मराठी नावं असतील तर दुसराच घ्यायचा, कारण त्यात यूटीएफ-8 असतं. पहिल्यात देवनागरीची वाट लागते. प्लेलिस्ट म्हणजे शेवटी गाण्यांच्या पत्त्यांची यादी, नोटपॅडमध्ये उघडते. जुन्या फोल्डरच्या जागी नव्याचा पत्ता टाकला. शिवाय रूपांतरानंतरही जुन्या प्लेलिस्टी वेव्हकडेच बोट दाखवत होत्या, म्हणून फाइलनावाच्या शेवटचं वेव्ह बदलून लॉसलेस फायलींचं एमफोरए केलं. दोनदा "रिप्लेस ऑल", की माझ्या सकाळच्या रागांची यादी नव्या संगणकावर जशीच्या तशी वाजली.

प्रत्यक्ष हलवणं यानंतर एका संध्याकाळी झालं, त्यात सांगण्यासारखं फार नाही. बाहेरच्या डिस्कवरून नव्या संगणकात रोबोकॉपी, नंतर दोन्हीकडच्या प्रत्येक फाइलचा हॅश काढून तुलना. हॅश म्हणजे फाइलच्या सगळ्या आशयावरून काढलेला आकडा. एक बाइट जरी बदलला तरी तो पूर्ण वेगळा येतो. फायलींची संख्या आणि एकूण आकार जुळला म्हणजे झालं असं मानू नका, कारण आतून बिघडलेली फाइलही तेवढ्याच आकाराची असू शकते. आमच्या सगळ्या जुळल्या.

नव्या संगणकावर मी म्युझिकबी नावाचं प्लेअर घेतलं. ते फुकट आहे, विंडोजवर हलकं चालतं आणि रागाचा माझा रकाना मुख्य यादीत स्तंभ म्हणून दाखवतं. आयट्यून्स नव्या संगणकावरही घालता आलं असतं, आणि ज्यांची सगळी गाणी टॅगवाली आहेत त्यांनी पूर्ण आयट्यून्स फोल्डर लायब्ररीच्या फाइलसकट उचलून नेलं तरी चालतं. शिफ्ट दाबून आयट्यून्स सुरू केलं की कुठली लायब्ररी उघडायची ते विचारतं. मला मात्र माझी टिपणं कुठल्याही एका प्लेअरच्या भरवशावर ठेवायची नव्हती. आज म्युझिकबी आहे, उद्या दुसरं काही आलं तरी फाइल स्वतःची ओळख स्वतः सांगेल.

विलंबित आणि द्रुत वेगवेगळ्या ट्रॅकवर असतील तर मधे खंड पडता कामा नये, हेही तपासलं. समेवर येता येता क्षणभर शांतता पडली तर सगळी मजा जाते. लॉसलेस फायली सलग वाजतात. जुन्या काही एमपीथ्रींत बारीकसा खंड राहतो, कारण एमपीथ्री बनवतानाच सुरुवातीला आणि शेवटी थोडी रिकामी जागा भरली जाते. काही फायलींमध्ये ती किती ते नोंदलेलं असतं, मग प्लेअर ती गाळतो. माझ्याकडच्या सगळ्यांत ती नोंद नाही. ज्यांच्या सीडी शाबूत आहेत त्या पुन्हा लॉसलेसमध्ये उतरवायला घेतल्या आहेत.

आता संग्रहाची एक प्रत संगणकात, एक बाहेरच्या डिस्कवर माझ्याच कपाटात, आणि एक नाशिकरोडला बहिणीकडे. दोन प्रती एकाच घरात म्हणजे आग-पाणी-चोरीच्या दृष्टीने एकच प्रत, हे भाच्याने पटवून दिलं. दर दिवाळीत आणि गुढीपाडव्याला बहिणीकडची डिस्क आणून ताजी करायची असं ठरलंय. बाबांच्या कार्डांचे फोटो काढून ते त्या-त्या मैफलीच्या फोल्डरात ठेवले आहेत, कारण पेन्सिलीतली अक्षरं आता फिकट होत चालली आहेत, आणि काही खुणा अशा आहेत की त्या टाइप करता येत नाहीत: तानेखाली काढलेली लांब रेघ, समेपाशी घातलेला फुलीचा ठिपका.

जुना संगणक अजून टेबलाखाली आहे, बंद करून. वर्गाचं हे सत्र पूर्ण नव्या संग्रहावर काढणार आहे. त्यात काही सुटलेलं सापडलं नाही तर मगच त्याची डिस्क पुसून तो देऊन टाकेन. भाच्याचं म्हणणं डिस्क कुणाला देऊ नये, ती खराब व्हायला लागलीच आहे, नुसता संगणक द्यावा. तेही बरोबर आहे.